देण्याघेण्याच्या साड्या

भामा गेली तेव्हा हरिबाला गॅसची टाकी कितीला येते हे माहीत नव्हतं. त्याला वीजबिल कधी येतं हे माहीत नव्हतं, आणि स्वतःच्या पगाराच्या कार्डाचा नंबरही माहीत नव्हता. चकलांब्याच्या ग्रामपंचायतीत तो बावीस वर्षं पाणी सोडायचं काम करत होता. पगार खात्यावर जमा झाला की भामा एसटीनं गेवराईला जायची, मशीनमधून पैसे काढायची आणि रोज सकाळी त्याच्या हातावर वीस रुपये ठेवायची. चहा आणि तंबाखू. बावीस वर्षांत ते पाचाचे वीस झाले, एवढाच काय तो बदल.

मार्गशीर्षात एका सकाळी ती शिलाई मशीनवर बसली होती. डोकं लई दुखतंय म्हणाली आणि तिथंच मशीनवर कलली. जीप करून बीडला नेलं, पण रस्त्यातच सगळं संपलं होतं. तिचं नाव सत्यभामा, वय चौपन्न. ती असं काही करील असं कुणाला वाटलं नव्हतं.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा सतीश अंगणात खुर्ची टाकून बसला. सतीश चाकणला कंपनीत होता. बायको योगिता आणि आठ वर्षांची आरोही, दोन खोल्यांत संसार.

"आण्णा, तुमी आता इथं एकटं राहून काय करणार? चला आमच्यासंगं."

"नोकरी हाय माझी. दोन वर्षं राहिलीत."

"नोकरी सोडा. तुमाला घर चालवता येणार हाय का? मीठ कोणत्या डब्यात हाय ते सांगा."

हरिबाला ते सांगता आलं नाही. योगिता आतून म्हणाली, "मामांजी, राग नका मानू, पण ह्यांचं खरं हाय."

हरिबानं जरा विचार केला. "एक कर. आखाडापर्यंत मला राहू दे. तवर माझ्यावर कुणाची एक रुपया जरी उधारी झाली, तर पिशवी भरून येतो. न्हाई झाली तर पुन्हा हा विषय काढायचा न्हाई."

"मी सटव्याच्या दुकानात इचारीन बरं का."

"इचार."

सतीशला वाटलं, दोन महिन्यांत म्हातारा येतो. खरं सांगायचं तर हरिबालाही तेच वाटलं होतं. पण हे घर त्यानं आणि भामानं वीट वीट करून बांधलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक घराला नळ किती वाजता येतो ते त्याला घड्याळ न बघता कळायचं. चाकणला त्याला नुसतं टीव्ही पाहत बसावं लागलं असतं.

कार्डाचा नंबर आरोहीनं सांगितला. आजीबरोबर गेवराईला गेली होती तेव्हा आजी बोट दाखवायची आणि ती बटणं दाबायची. तिनं फोनवर चार आकडे घडाघड म्हणून दाखवले आणि वर म्हणाली, "आबा, कुणाला सांगू नका."

पहिला पगार हातात आला अकरा हजार चारशे. एवढे पैसे त्यानं खिशात कधी बाळगले नव्हते. हॉटेलवर गेला की बाकावर बसलेल्या सगळ्यांचा चहा तोच सांगायला लागला. उमापूरच्या बाजारात गेला आणि तेलाचा पंधरा किलोचा डबा घेऊन आला, स्वस्त पडतो म्हणून. वांगी घेतली चार किलो. निम्मी सडली. एकोणीस तारखेला खिशात दोनशे दहा रुपये उरले.

तेव्हा तो पहिल्यांदा शांत बसून हिशेब करायला लागला. पगार तर तेवढाच होता. भामा तर त्यातच भागवायची. सणाला गोडधोड व्हायचं, त्याच्या बीपीच्या गोळ्या यायच्या, आरोहीला फ्रॉक जायचा. मग आताच कावून पुरत न्हाई? दोन दिवस तो ह्याच कोड्यात होता. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतली पंचशीला आली. ती अंगणवाडीत होती. तिनं शिवायला टाकलेलं ब्लाऊजचं कापड मागितलं.

"कितीला शिवायची ती?" हरिबानं विचारलं.

"साध्याला दीडशे. अस्तरचं अडीचशे. लगीनसराईत तर रोज दोन-दोन व्हायचे बाईंचे."

पंचशीला कापड घेऊन गेली आणि हरिबा मशीनकडे बघत राहिला. महिन्याला चार हजार तरी ब्लाऊजचे. शिवाय तिच्या खात्यावर सरकारचे दीड हजार यायचे, ते आता बंद झाले होते. म्हणजे तेल-मीठ त्याच्या पगारात येत होतं, आणि घरातलं बरंचसं गोड तिच्या सुईतून. बावीस वर्षं त्याला वाटत होतं की घर आपण चालवतो. तिनं कधी त्याला तसं वाटू दिलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं, पण त्याबरोबर थोडं हसूही आलं. तिचं हे असंच होतं.

पुढच्या पगारापर्यंतचे ते बारा दिवस त्यानं पिठलं आणि भाकरीवर काढले. तंबाखू निम्मी केली. उधारी केली नाही.

पुढच्या पगाराला त्यानं आपल्या कामाची रीत लावली. गावची टाकी एकच आणि आळ्या सहा. सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर वरच्या आळीला थेंब जात नाही, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्यानं पगाराचे चार भाग केले, चार पाकिटांत घातले, आणि एक आठवडा संपल्याशिवाय दुसरं पाकीट उघडायचं नाही असं ठरवलं. गॅस, वीज आणि गोळ्यांचे पैसे आधीच बाजूला. पाकिटातले संपले की संपले. बाकावरच्या लोकांना सांगून टाकलं, "आता ज्याचा त्यानं चहा प्यावा."

"हरिबा, बायको गेल्यापासून तू लई चिकट झालास बे," एकजण म्हणाला.

"आधी ती होती चिकट. मला कळलं नव्हतं."

फेब्रुवारी निभावला. मार्चात दोनशे रुपये उरलेसुद्धा. भाकरी जमायला लागली, वाकडी का होईना. संध्याकाळी पाणी सोडून आलं की अंगणात पाणी मारायचं, भामाची तुळस होती तिला घालायचं आणि रेडिओ लावून बसायचं. दुःख जागच्या जागी होतं. पण आपल्याला जमतंय, ह्यात एक समाधान होतं आणि ते तो कुणाला बोलून दाखवत नव्हता.

मग लगीनसराई आली.

एप्रिल लागायच्या आत त्याच्या विजेच्या मीटरमागे नऊ पत्रिका खोचलेल्या होत्या. गावात बावीस वर्षं प्रत्येकाच्या नळाला पाणी सोडणाऱ्या माणसाला कोण पत्रिका देणार नाही. प्रत्येक लग्नात आहेर आला. आहेर म्हणजे नवरीच्या किंवा नवरदेवाच्या आईला साडी, साडेतीनशे-चारशेच्या खाली नाही. नऊ लग्नं म्हणजे साडेतीन हजार. पाकिटात तेवढे नव्हते.

त्यावरचा उपाय मात्र घरातच होता. पलंगाखाली भामाची लोखंडी पेटी होती आणि तिच्यात देण्याघेण्याच्या साड्या. प्रत्येक घरात अशा साड्या असतात. वास्तुशांतीला, बारशाला, लग्नाला आलेल्या. त्या कुणी नेसत नाही. ज्या घडीत आल्या त्याच घडीत ठेवायच्या आणि पुढच्या कार्यात दुसऱ्या घरी द्यायच्या. हरिबानं मोजल्या, तेवीस निघाल्या. त्याच्या जिवाला बरं वाटलं. आखाडापर्यंत काळजी मिटली.

साड्या कोऱ्याच होत्या. फक्त एक गोष्ट त्याला खटकली. प्रत्येक साडीच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला, दोऱ्याचे दोन-तीन टाके घातलेले होते. कुठं हिरवे, कुठं लाल, कुठं पिवळे, कुठं दोन रंगांचे एकत्र. त्याला वाटलं, दुकानात काहीतरी टाचलेलं असेल त्याचे हे टाके राहिले. देताना साडी नवी दिसावी म्हणून तो एका दुपारी दाढीचं ब्लेड घेऊन बसला आणि तेवीसच्या तेवीस साड्यांचे टाके सावकाश, कापडाला धक्का न लावता कापून काढले. दोरे झाडून केरात टाकले. काम नीट झालं म्हणून स्वतःवर खूशही झाला.

पहिलं लग्न वत्सलाबाईच्या रोहिणीचं. वत्सलाबाई पलीकडच्या घरातली, भामाची जिवाची मैत्रीण. म्हणून हरिबानं पेटीतली त्यातल्या त्यात चांगली निवडली, जांभळी, पिवळ्या काठाची. मंडपात माईकवर नाव पुकारलं, त्यानं साडी वत्सलाबाईच्या हातात दिली. तिनं साडी पाहिली, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा साडीकडे पाहिलं. शेजारी तिची जाऊ बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला.

लेक सासरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी वत्सलाबाई साडी घेऊन हरिबाच्या ओट्यावर येऊन बसली.

"भावजी, एक इचारू का? राग नका मानू."

"इचारा की वैनी."

"माझं काही चुकलं का? भामाबाईच्या मागं माझ्याकडनं काही कमी झालं का?"

"न्हाई बा. कावून?"

"ही साडी मीच दिलती तुमाला. तुमच्या वास्तुशांतीला. गेवराईहून आणलती. तुमी माझीच मला फिरवली. जाऊबाई सगळ्या गल्लीला सांगत फिरतीया, की वत्सलाचा आहेर हरिबानं तोंडावर मारला."

एखाद्याची साडी त्याच घरी परत जाणं म्हणजे तुझी आमची सोयरीक संपली असं सांगणं. रागानं करतात असं लोक.

"वैनी, देवाशपथ मला ठावं न्हाई. पेटीत तेवीस हायेत. कोणती कुणाची, मला काय कळतंय?"

"भामाबाईनं खूण केलती की. तिला लिहाया येत नव्हतं, म्हणून ती दोऱ्याचे टाके घालायची. माझा हिरवा दोरा. भिमाबाईचा लाल. विमलबाईचा लाल-पिवळा. मी कितीदा बसलेय तिच्यासंगं. टाके बघायचे होते तुमी."

हरिबानं साडीचा कोपरा उलटून पाहिला.

"काय झालं?"

"टाके मी कापले."

"कोणते?"

"समदे. ब्लेडनं. साड्या नव्या दिसाव्या म्हणून."

वत्सलाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली. थांबायचं पाहत होती पण थांबता येईना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी कशाचं हे दोघांनाही कळेना. हरिबाही ओट्यावर बसून पोट धरून हसला. भामा गेल्यापासून पहिल्यांदा.

हसू ओसरलं, पण अडचण तिथंच राहिली. आठ लग्नं उरली होती. पेटीतली साडी द्यावी तर कुणाची कुणाला जाईल सांगता येत नाही. नवी घ्यावी तर पैसे नाहीत. दुसऱ्या दिवशी तो सटव्याच्या दुकानात मीठ आणायला गेला. दुकानात एका बाजूला साड्याही असायच्या.

"आहेराच्या घेऊन जा चार-पाच," सटवा म्हणाला. "पैशाचं बघू नंतर. तू कुठं पळून जातो का?"

साड्या समोर होत्या. सटव्यानं वहीसुद्धा ओढली. हरिबानं मिठाची पिशवी उचलली, अठ्ठावीस रुपये मोजून दिले आणि निघाला. घरी येईपर्यंत त्याच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती. एकदा त्या वहीत नाव गेलं की चाकणची गाडी आली. आणि भामानं जे बावीस वर्षं डोक्यात सांभाळलं, ते आपल्याला सांभाळता येणार नाही. येत नाही हे सांगून टाकावं.

त्यानं वत्सलाबाईला सांगून गल्लीतल्या आणि पलीकडच्या बायकांना रविवारी दुपारी बोलावलं. अकराजणी आल्या. हरिबानं सतरंजी टाकली, चहा केला. चहात साखर जरा जास्त झाली. मग पेटी ओढून तेवीसच्या तेवीस साड्या सतरंजीवर मांडल्या. वत्सलाबाई ओट्यावर ठेवून गेलेली जांभळीही त्यात ठेवली.

"माझ्याकडनं चूक झाली ती तुमाला कळलीच असंल," तो म्हणाला. "आता ज्याची त्यानं वळखा अन् घरी न्या."

कुणी हात लावेना. भिमाबाई सगळ्यांत वडील. ती म्हणाली, "दिलेलं माघारी न्यायचं व्हय रे? असं कुठं असतंय?"

"काकू, तुमी दिलेलं तिनं सांभाळलं. मला जमंना. उद्या मी तुमचीच साडी तुमाला मंडपात दिली तर हसू माझं न्हाई, तुमचं हुईल. वत्सलावैनीचं झालं तसं. त्यापरीस न्या. न तुमचं माझ्याकडं, न माझं तुमच्याकडं."

वत्सलाबाईनं पहिल्यांदा आपली जांभळी उचलली आणि मांडीवर घेतली. मग बाकीच्या सरसावल्या. आपण दिलेली साडी बाई कधी विसरत नाही, हे हरिबाला त्या दिवशी कळलं. कोणत्या साली, कोणत्या कार्याला, कितीला घेतली, दुकानदारानं किती कमी केले, सगळं. पंचशीलानं तर दोन साड्या डोळे झाकून ओळखल्या. मोरपंखी साडी मात्र भिमाबाई म्हणे माझी आणि विमलबाई म्हणे माझी.

"पाटोद्याच्या यात्रेत घेतलती मी. चारशे वीसला," विमलबाई म्हणाली.

"चारशे वीसला ही येती व्हय? पावणेपाचशेची हाय ही."

"मग तुमची तिकडं ती हाय की, भोक पडलेली."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. एक खाकी रंगाची साडी उरली होती, काठाजवळ बोटाएवढं भोक. ती कुणी उचललीच नव्हती.

"माझी न्हाई," भिमाबाई म्हणाली.

"माझी तर मुळीच न्हाई."

"माझी असती तर मी सांगितलं असतं."

अकराजणींपैकी कुणाचीच ती नव्हती. मग वत्सलाबाई म्हणाली, "पाखरानं आणून टाकली असंल," आणि सगळी सतरंजी हसायला लागली. ह्या हसण्यात विमलबाईनं मोरपंखी भिमाबाईच्या मांडीवर टाकली. "ने बाई. माझीच हाय, पण ने."

सोळा साड्या गेल्या. सहा बाहेरगावच्या पाहुण्यांच्या निघाल्या, त्या पेटीत परत ठेवल्या. भोक पडलेल्या साडीनं हरिबानं पुढं शिलाई मशीन झाकली.

बायका उठायला लागल्या तसा तो म्हणाला, "अजून एक हाय. हितून फुडं मी कुणाच्या लग्नात साडी आणणार न्हाई. माझ्या घरी कार्य झालं तर तुमीबी आणू नका. पण मी येणार. पाणी माझ्याकडं. पिपं भरायची, थंड ठिवायचं, पंगतीत तांब्या रिकामा दिसू द्यायचा न्हाई. ते मला येतंय."

पंचशीला म्हणाली, "मे महिन्यात साडीपरीस पाणीच लागतंय, बाबा." तेवढ्यावर सगळ्या गेल्या.

दोन दिवस गल्लीत कुजबूज झाली. सटवा तोंडावर म्हणाला, "आहेर वाचवला बे हरिबा."

"वाचवला," हरिबा म्हणाला.

भिमाबाईच्या नातवाचं, रामचं, लग्न पुढच्याच आठवड्यात होतं. हरिबा पहाटेच मंडपात हजर झाला. बारा पिपं धुतली, टँकर आला तसा भरून घेतली, ओली पोती गुंडाळली, बर्फ कधी टाकायचा ते ठरवलं. ऊन बेचाळीस. सातशे माणूस जेवलं आणि पाणी कुठं कमी पडलं नाही. एरवी दुसऱ्या पंगतीलाच पाणी पाणी म्हणून ओरड होते. त्या दिवशी झाली नाही. पंगती उठल्यावर भिमाबाई स्वतः ताट घेऊन पिपांपाशी आली आणि तिथंच त्याच्यासमोर बसली, त्याचं जेवण होईपर्यंत. त्यानंतरचं लग्न ज्यांच्या घरी होतं ते लोक आठ दिवस आधीच विचारायला आले, "हरिबा, पिपं किती सांगू?"

जूनच्या शेवटी, आखाड लागायच्या आत, सतीश आला. मित्राची गाडी घेऊन आला होता. मागची सीट रिकामी ठेवली होती, सामानासाठी. घरी येण्याआधी तो सटव्याच्या दुकानावर थांबून आला, हे हरिबाला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"काय म्हणला सटवा?"

"एक रुपया न्हाई म्हणला. मिठाचेसुद्धा रोख देतो म्हणला."

"मग?"

सतीशनं गाडीची किल्ली खिशात टाकली. हरिबानं ताट वाढलं. भाकरी, शेवग्याच्या शेंगा, ठेचा. सतीश दोन घास खाऊन थांबला.

"तिखट झालं का?"

"न्हाई. चांगलं झालंय." तो खाली बघत म्हणाला, "आण्णा, तुमाला घर चालवता येणार न्हाई हे मी म्हणायचं म्हणून म्हणलो. मला वाटायचं, आई तर गेली. निदान तुमी तरी घरात दिसावं. कामावरनं आल्यावर."

हरिबाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. सहा महिने तो आपल्याला जमतं हे दाखवण्यात गुंतला होता, आणि पोरगा वेगळंच मागत होता. त्यानं आणखी एक भाकरी सतीशच्या ताटात टाकली. मग उठून पाकिटं काढली आणि खाटेवर मांडली. ह्या आठवड्याचं, पुढच्या आठवड्याचं, गॅसचं, गोळ्यांचं, आणि एक जादाचं. जादाच्यात सहाशे चाळीस रुपये होते.

"योगिता अन् आरोहीला कधी सुट्टी हाय?"

"पोरीला गणपतीत चार दिवस. दिवाळीत पंधरा."

हरिबा बोटांवर मोजायला लागला. दूध अर्ध्या लिटरचं एक लिटर. पोरगी वांगं खात नाही, म्हणजे बटाटे. जाताना काहीतरी गोड. त्यानं दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा तेल धरायचं राहिलं होतं.

"गणपतीत चार दिवस या. तिघंबी," तो म्हणाला. "दिवाळीला दहा दिवस राहा. दहा बसतंय. पंधराचं मी सप्टेंबरात सांगतो."

सतीश हसला. "पैसे मी देतो की, आण्णा."

"न्हाई. तुमी माझ्याकडं येताय," हरिबा म्हणाला, आणि वरच्या आळीचं पाणी सोडायची वेळ झाली होती म्हणून पायात चपला घातल्या. "तू जेव. भाकरी टोपल्यात अजून दोन हायेत."